पांढरा आत, हिरवा बाहेर

जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वेड असलेला माणूस भेटला, की पाचव्या मिनिटाला तो लुकासवरचा एक तरी विनोद सांगतोच. लुकास म्हणजे गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी बर्मिंगहॅमची कंपनी, आणि तिला मिळालेली पदवी म्हणजे ‘अंधाराचा राजपुत्र’. इंग्रज कोमट बिअर का पितात? कारण त्यांच्या घरचा फ्रिज लुकासचा असतो. लुकासच्या दिव्याच्या बटणाला तीन खाचा असतात: मिणमिण, फडफड आणि बंद. शिवाय म्हणे वायरीत वीजबीज काही नसते, धूर भरलेला असतो. एकदा का तो धूर बाहेर पडला, की वायर बाद!

विनोद झकास आहेत, मीही चारचौघांत सांगतो. पण ते अर्धेच खरे आहेत. उरलेली अर्धी गोष्ट अशी, की ह्याच लुकासची वायरिंग असलेली साठ वर्षांची स्पोर्ट्स कार एक दातांचा डॉक्टर आपल्या गॅरेजमध्ये संपूर्ण उघडतो, तिच्या सगळ्या नसा काढून नव्या घालतो, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर धावते. कंपनी उरलेली नाही, ज्यांनी ती गाडी बनवली ते कामगार केव्हाच निवृत्त झाले, कारखान्याचं दार १९८० साली बंद झालं. तरी हे जमतं. आपल्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचा कोड उघडला तर लिहिणाऱ्यालाही घाम फुटतो, मग हे कसं जमतं? आजचा विषय हा.

आधी थोडा इतिहास. जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमच्या हॉकली भागातला माणूस. १८६० च्या सुमारास हातगाडीवर रॉकेल, बादल्या वगैरे विकायचा. रॉकेलावरून दिव्यांवर आला, दिव्यांवरून सायकलच्या दिव्यांवर. पुढचं चाक माणसाएवढं असलेल्या त्या जुन्या सायकली आठवतात? त्यांच्या चाकाच्या मध्यभागी टांगायचा दिवा लुकासने काढला. नाव ठेवलं ‘किंग ऑफ द रोड’. धंदा त्यानेच उभा राहिला. जोसेफ १९०२ साली गेला. त्याच्या मुलाने, हॅरीने, कंपनी मोटारींच्या जमान्यात आणली आणि १९२६ मध्ये सीएव्ही आणि रोटॅक्स हे दोन प्रतिस्पर्धीच विकत घेऊन टाकले. पुढे मॉरिस घ्या, ऑस्टिन घ्या, जॅग्वार, ट्रायम्फ, एमजी... बॉनेट उघडलं की लुकासच. कंपनीचं वजन इतकं वाढलं, की सरकारच्या मोनोपॉलीज कमिशनने चौकशी करून १९६३ साली गाड्यांच्या इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारावर अख्खा अहवाल काढला.

मक्तेदारी वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा एक दुष्परिणाम (चांगल्या अर्थाने दुष्परिणाम :-)) असा झाला, की जवळजवळ सगळ्या ब्रिटिश गाड्या आतून एकच भाषा बोलायला लागल्या. त्या भाषेकडे येतोच. त्याआधी ती ज्यावर लिहिलेली असते ती वस्तू बघू.

गाडीतल्या वायरी सुट्या नसतात. बॅटरी, स्विच, दिवे, कॉइल, हॉर्न ह्यांच्याकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र बांधून त्यांचं एक जुडगं करतात, आणि जिथे जिथे गरज तिथे त्यातून फांद्या बाहेर काढतात. दिसायला मुळासकट उपटलेल्या झाडासारखं. अमेरिकेत त्याला हार्नेस म्हणतात, म्हणजे घोड्याचा साज. आपल्याकडच्या कारखान्यांतही हाच शब्द चालतो. इंग्लंडमध्ये मात्र म्हणतात लूम. लूम म्हणजे माग! इचलकरंजीच्या माणसाला ऐकायला मजा वाटेल. आणि जुनं लूम हातात घेतलं की हा शब्द अगदी पटतो, कारण त्यावर कापसाच्या धाग्याचं विणलेलं आवरण असतं. वायरींचं जुडगं मधून पुढे सरकत असतं आणि धाग्यांची बॉबिन्स त्याच्याभोवती एकमेकांना ओलांडत आत-बाहेर फिरतात. आपल्याकडे शिमग्याला गोफ विणतात तो ज्याने बघितलाय, त्याला हे यंत्र वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पुढे कापूस गेला आणि पीव्हीसीची टेप आली. स्वस्त, झटपट, आणि दिसायला एकदम रटाळ.

लूम बनवायची पद्धत मात्र तेव्हापासून आजतागायत फारशी बदललेली नाही. एका मोठ्या फळीवर लूमचं पूर्ण मापाचं चित्र असतं, त्यावर खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि माणसं हाताने एकेक वायर खुंट्यांमधून फिरवत जातात. गाडीचा पत्रा रोबो जोडतो, रंग रोबो मारतो, पण हे मऊ, लोंबकळणारं जुडगं रोबोला अजून नीट जमत नाही. चाकणच्या बाजूला हार्नेसच्या कारखान्यांत फळीसमोर उभ्या असलेल्या बायकांच्या रांगा दिसतात त्या ह्यामुळेच. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने युद्धामुळे अडकले, आणि जर्मनीत फोक्सवागनला गाड्यांचं उत्पादन थांबवावं लागलं. इतक्या प्रगत गाड्या अडल्या कशावर, तर हाताने बांधलेल्या जुडग्यावर.

असो. आता भाषा.

लुकासच्या लूममध्ये प्रत्येक वायरीचा रंग ठरलेला आहे, आणि (महत्त्वाचं म्हणजे) तो रंग ती वायर कुठे जाते हे नाही, तर ती काय आहे हे सांगतो. नियम साधारण असे:

ब्राउन म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली वीज. मधे फ्यूज नाही, किल्ली काढली तरी चालूच.

पांढरा म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज. हाही फ्यूजशिवाय. इग्निशनची कॉइल ह्याच्यावर.

हिरवा म्हणजे किल्लीनंतर आणि फ्यूजनंतर. वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, इंधनाचा काटा.

जांभळा म्हणजे किल्ली नसली तरी चालणारं, पण फ्यूजमधून आलेलं. उदाहरणार्थ हॉर्न.

निळा हेडलाइटचा, लाल पार्किंग आणि टेल लाइटचा, आणि काळा म्हणजे अर्थ.

हे झाले मूळ रंग. प्रत्येकावर दुसऱ्या रंगाची एक बारीक रेघ येऊ शकते. मूळ रंग घराणं सांगतो, रेघ त्या घरातली व्यक्ती. हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा. हिरव्यावर जांभळी म्हणजे ब्रेक लाइट. निळ्यावर पांढरी अप्पर, निळ्यावर लाल डिप्पर. पांढऱ्यावर लाल असेल तर ती स्टार्टरकडे चाललीय, पांढऱ्यावर काळी असेल तर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे. पुढे ह्या रंगांना ब्रिटिश स्टँडर्डचा क्रमांकही मिळाला, बीएस एयू ७, आणि १९८३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

आता ह्यातली खरी गंमत बघा. सुरुवातीच्या एमजीबीमध्ये फ्यूज किती? दोन. अख्ख्या गाडीला मिळून दोन! एका फ्यूजमध्ये ब्राउन वायर आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने जांभळी बाहेर पडते. दुसऱ्या फ्यूजमध्ये पांढरी आत, हिरवी बाहेर. म्हणजे फ्यूज ओलांडला की वायरीचा रंगच बदलतो, कारण तिचा स्वभाव बदललेला असतो: आधी ती गाडी जाळू शकत होती, आता नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर हा टाइप आहे. पांढरा घेऊन हिरवा परत करणारं फंक्शन म्हणजे फ्यूज. डॅशबोर्डखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, हाताला लागलेल्या वायरीचा रंग बघितला की कळतं, हिला शॉर्ट केलं तर फक्त फ्यूज उडेल की अग्निशमन दल बोलवावं लागेल. कुठलंही मॅन्युअल न उघडता. मला हे विलक्षण वाटतं.

जर्मनांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांनी वायरीला नाही, जोडणीच्या टोकांना आकडे दिले. ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे किल्लीनंतर, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर. हे पुस्तकी वाटत असेल तर नाना पेठेतल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला रिले मागा. त्याच्या बुडाला ३०, ८५, ८६, ८७ लिहिलेलं असतं आणि त्याला ते तोंडपाठ असतं. जर्मन मानकाचं नाव त्याने ऐकलेलं नसेल, पण रोज तो तेच मानक वापरतो. चांगल्या मानकाचं हेच लक्षण, ते नाव विसरूनही वापरता येतं.

आता गाडीकडे. एमजीबी १९६२ साली आली, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनायची, आणि १९८० मध्ये थांबेपर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या. उघडी, दोन सीटची, बसकी. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली नसेल, पण तिच्या इंजिनाचा भाऊ तुम्ही नक्की ऐकलाय. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन घेऊन आपली अँबेसेडर वर्षानुवर्षं कलेक्टर, आमदार आणि लग्नाच्या वऱ्हाडाला वाहून नेत होती. म्हणजे एका घरातला एक मुलगा सरकारी नोकरीत चिकटला आणि दुसरा शनिवार-रविवार गॉगल लावून फिरायला लागला :-)

माझा एक मित्र, मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं कॉव्हेन्ट्रीजवळ असतो. पेशाने दातांचा डॉक्टर. त्याच्याकडे १९६६ ची एमजीबी आहे. त्या सालची असल्यामुळे तिच्यात अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. बारा व्होल्टची एक बॅटरी नाही, सीटच्या मागे जमिनीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे अर्थ पॉझिटिव्ह आहे. बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला! ब्रिटिश गाड्यांमध्ये १९३० च्या दशकापासून ही रीत होती. एमजीबीमध्ये ती १९६७ च्या अखेरीस अल्टरनेटर आला तेव्हा गेली. अशा गाडीत सिगारेट लायटरच्या जागी मोबाइलचा चार्जर घातला तर चार्जरचे प्राण जातात, कारण त्याला वीज उलटी मिळते.

तर ह्या गाडीतून एका संध्याकाळी सिग्नलला उभी असताना धूर आला. डॅशबोर्डखालून, थेट. मित्राने उडी मारून बॅटरीचं टोक सोडवलं म्हणून गाडी वाचली. कारण सापडलं ते असं: आधीच्या कुठल्यातरी मालकाने रेडिओ बसवताना थेट ब्राउनवर टॅप मारला होता, तोही फ्यूज न घालता. ती वायर इंजिन आणि माणसं ह्यांच्यामधल्या पत्र्याच्या पडद्यातून (अमेरिकेत ह्याला फायरवॉल म्हणतात, आपल्याच धंद्यातला शब्द) रबरी ग्रॉमेटशिवाय ओढून घेतली होती. वर्षानुवर्षं पत्र्याच्या धारेवर घासून घासून तिचं कातडं सोललं गेलं. बाकी काम लुकासच्या विनोदातल्या धुराने केलं.

मित्राने ठरवलं, ठिगळं नकोत, पूर्ण लूम बदलायचं. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची लूम अजून बनवून मिळतात, त्याच मापाची, त्याच रंगांची, हवं असेल तर कापडी विणीची. त्या हिवाळ्यात मी कामासाठी तिकडे होतो आणि सलग तीन वीकेंड त्याच्या गॅरेजमध्ये टॉर्च धरायचं पद भूषवलं.

पहिला वीकेंड नुसता सोडवण्यात गेला. बॅटऱ्या आधी बाहेर. प्रत्येक जोडणीचा फोटो, प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी. आणि एक कडक नियम: जुनं लूम कापायचं नाही, कितीही राग आला तरी अख्खं बाहेर काढायचं. कारण नवं लूम आलं की दोन्ही जमिनीवर शेजारी-शेजारी पसरून फांदीला फांदी लावून बघायची असते. आपण दोन आवृत्त्यांचा डिफ बघतो तसं, फक्त गुडघ्यांवर बसून.

तो डिफ बघण्यासारखा होता. कारखान्यातून आलेलं लूम, त्याचे रंग धुळीने काळवंडले होते, पण ओल्या फडक्याने पुसलं की ब्राउन ब्राउन होता आणि हिरवा हिरवा. वर मालकांनी केलेली भर. मोजून सात वायरी कारखान्याबाहेरच्या निघाल्या. एक रेडिओची, दोन जादा दिव्यांच्या, एक कशाची तरी जी कुठेच जात नव्हती... आणि सातही लाल! ज्याच्या हाताशी जे भेंडोळं होतं ते त्याने वापरलं. लुकासच्या भाषेत लाल म्हणजे पार्किंग लाइट. ह्या सातांपैकी एकीचाही पार्किंग लाइटशी संबंध नव्हता. कोडमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला टेम्प नाव देणारे लोक तुम्हाला माहीत असतील, त्यांचे हे पूर्वज.

मग दिवे का जायचे? विनोदांत तथ्य आहे ते इथे. वायरी जिथे एकमेकींना जोडतात तिथे लुकासची पद्धत अशी, की वायरीच्या टोकाला पितळेची गोळी बसवायची आणि अशा दोन गोळ्या एका रबरी नळीतल्या धातूच्या कवचात दोन बाजूंनी दाबायच्या. जोडायला सोपं, सोडवायला सोपं. पण रबर आकसतं, तडकतं, आत पाणी शिरतं. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, म्हणजे पाणीही खारट. पितळेवर हिरवा थर चढतो आणि वीज अडते. दुसरी गोष्ट अर्थची. लोखंडी गाडीत परतीची वायर प्रत्येक दिव्याला नसते, गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. पत्रा गंजला की वाट बंद. (त्याच काळातल्या लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची. तिच्यातून वीज जाणार कशी? म्हणून तिथे दिव्यांना परतीच्या वेगळ्या वायरी द्याव्या लागल्या.) आपल्याकडचे मेकॅनिक ‘अर्थ जातोय’ म्हणतात, त्या वाक्यात मराठीत दोन्ही अर्थ बसतात, आणि मित्राच्या गाडीत दोन्ही गेले होते: पत्र्याशी असलेला, आणि रंगांना असलेला.

दुसऱ्या वीकेंडला नवं लूम आत गेलं. वाचायला एक ओळ, करायला दोन दिवस. इंजिनकडचा भाग, पडद्यातून डॅशबोर्डखाली जाणारा, आणि गाडीच्या पोटाखालून डिकीपर्यंत जाणारा. पडद्याच्या भोकांत नवे ग्रॉमेट, त्याला थोडा साबण, आणि जुडगं आत सरकवताना दोन्ही बाजूंनी दोघांचं एकमेकांवर ओरडणं. प्रत्येक अर्थच्या बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. मित्र म्हणाला, हे तर माझंच काम, कीड काढून भरणं करायचं.

तिसऱ्या वीकेंडला वीज द्यायची होती. इथे त्याने जे केलं ते बघून मला आमच्या सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनची आठवण झाली. बॅटरी थेट जोडायची नाही. मधे एक बारा व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घालायचा. आपल्याकडचा प्रत्येक वायरमन सिरीज बल्बचा बोर्ड बाळगतो, तीच युक्ती. सगळं बंद असताना बल्ब विझलेला हवा. एखादी गोष्ट चालू केली की थोडा उजळायला हवा. आणि पूर्ण तेजाने पेटला, तर समजायचं कुठेतरी शॉर्ट आहे. तो शॉर्ट बल्ब जाळत बसतो, गाडी नाही.

सगळं बंद: बल्ब विझलेला. किल्ली: थोडासा उजेड, ठीक. हॉर्न ठीक. इंडिकेटर ठीक. पार्किंग लाइट: बल्ब भक्कन पेटला!

आता ह्या गाडीत पार्किंग लाइटला फ्यूज नाही. हेडलाइटलाही नाही. बॅटरी थेट जोडली असती तर नव्या कोऱ्या लूममधून तोच जुना धूर निघाला असता. पण शोधायचं किती? फक्त लाल. बाकी चाळीस वायरींकडे बघायचीही गरज नाही. पुढचे दोन दिवे सोडवले, बल्ब पेटलेलाच. मागचे सोडवले, पेटलेलाच. नंबर प्लेटच्या दिव्याची लाल वायर सोडवली आणि बल्ब विझला. दिव्याच्या पट्टीखाली ती चिमटली गेली होती. पंधरा मिनिटं लागली असतील. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी बर्मिंगहॅममध्ये बसून ‘पार्किंगचं सगळं लाल’ असं ठरवलं, त्याची ती पंधरा मिनिटं.

इथपर्यंत वाचून वाटेल, जुनं ते सोनं. तसं अजिबात नाही. गाड्यांमध्ये जसजसे काचा, सीट, आरसे, एअरबॅग असं विजेवर चालणारं सामान वाढलं, तसतसं प्रत्येक कामाला एक वायर हे गणित हाताबाहेर गेलं. म्हणून बॉशने १९८३ पासून कॅन बस बनवायला घेतली, १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत जाहीर केली, आणि १९९१ च्या मर्सिडीझ एस क्लासमध्ये ती रस्त्यावर आली. पिळलेल्या दोनच वायरी, आणि त्यांवर सगळे डबे एकमेकांशी बोलतात. प्रत्येक निरोपाला एक क्रमांक आणि त्यामागे जास्तीत जास्त आठ बाइट माहिती. सुंदर काम आहे, आपल्या धंद्यातल्या कुणालाही आवडावं असं. १९९३ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं.

पण मानक कशाचं झालं ते बघा. निरोप कसा पाठवायचा, दोघं एकदम बोलले तर कुणी थांबायचं, हे ठरलं. अमुक क्रमांकाचा निरोप म्हणजे डावा इंडिकेटर, हे ठरलं नाही. ते प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं, आणि ती यादी कंपनीच्या सर्व्हरवर. व्याकरण सगळ्यांना खुलं, शब्दकोश कुलपात. प्रदूषणाच्या तपासणीपुरते काही शब्द १९९६ पासून अमेरिकेने सक्तीने उघडायला लावले. मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी २०१२ आणि २०२० अशी दोनदा मतदान करून दुरुस्तीची माहिती मिळवण्याचा हक्क मागितला. म्हणजे लुकासने ज्या गोष्टी वायरीच्या कातड्यावर रंगवून दिल्या होत्या, त्यांच्यासाठी आता निवडणूक लढवावी लागते.

२०१० सालची एखादी गाडी २०७० मध्ये कुणी दातांचा डॉक्टर गॅरेजमध्ये उघडेल का? वायर तो बदलू शकेल, त्या दोनच आहेत. पण त्यावरून कोण काय बोलतंय हे त्याला कोण सांगणार? ती फाइल कुणी जपली असेल? आपण सगळे आज जे लिहितो, त्यालाही हाच प्रश्न आहे. कमेंट, विकी, डिझाइन डॉक्युमेंट हे सगळं वेगळ्या कपाटात असतं आणि कपाटं हरवतात. अर्थ वस्तूवरच लिहिलेला असेल तर वस्तू असेपर्यंत तो टिकतो. म्हणून व्हेरिएबलला नीट नाव द्या, एवढं तरी आपल्या हातात आहे.

बाकी सगळं जायचं ते गेलं. लुकास १९९६ मध्ये व्हॅरिटीत विलीन झाली आणि १९९९ मध्ये टीआरडब्ल्यूने ती गिळली. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद झाला होता. एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली, नाव चीनमध्ये गेलं, आणि २०१९ पासून तो अष्टकोनी बिल्ला आपल्याकडे हेक्टरवर दिसायला लागला. त्या हेक्टरचा ह्या कहाणीशी बिल्ल्यापुरताच संबंध.

रंग मात्र जागच्या जागी आहेत. कधी जुन्या एमजीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालायची वेळ आली, तर हिरव्याला खुशाल हात लावा. ब्राउन दिसला तर आधी बॅटरी सोडवा.